दुसऱ्या हॉर्नचा स्वल्पविराम

नोव्हेंबर. इद्रियात चार वाजताच दिवे लागतात.
बँडच्या खोलीतला हीटर फक्त माझे घोटे तापवतो.
समोर पडद्यावर पाच रेघा, बाजूला पिवळी वही:
त्सिरिल लापाइने, बँडमास्तर,
पाऱ्याची खाण बंद व्हायच्या आधीची तेवीस वर्षं.
पानांच्या कोपऱ्यांना अजून तंबाखूचा वास.

सूर उतरवणं सोपं.
सूर म्हणजे हिशेब. दोन उभ्या रेघांमधलं एक घर,
घरात चार ठोके, पाचवा शिरला की लाल होतो.
अवघड ते सुरांच्या खालचं,
जिथे म्हातारा पेन्सिल दाबतो, किंवा दाबत नाही.

मी एक 'पी' लिहिते. पियानो. हळू.
सॉफ्टवेअर विचारत नाही, का हळू, कुणासाठी.
त्याच्याकडे हळूचा आकडा आहे: एकोणपन्नास.
दोन 'पी' लिहिले की तेहेतीस.
लापाइनेकडे आकडा नव्हता.
एका जागी त्याने सरळ गावच्या बोलीत लिहिलंय,
'रात्रपाळीचा माणूस वर झोपलाय, असं.'
मी ते तसंच टाइप केलं, तिरक्या अक्षरांत.
प्लेबॅकला काही कळलं नाही. तो धडधडत गेला
झोपलेल्याच्या छातीवरून, बूटही न काढता.

क्रेशेंडोचा कोन माऊसने ओढते.
आई लेस विणायची तेव्हा
दोरे असेच एका टाचणीपाशी मिटलेले असायचे
आणि पुढे फाकत जायचे.
पण तिची टाचणी जागची हलत नसे.
माझा कोन खालच्या रेघेवर आदळतो,
मी उचलते, तो आदळतो,
कॉफीवर साय धरते.

मग दुसऱ्या हॉर्नचं पान.
दर दोन घरांनंतर, रेघांच्या वर, एक स्वल्पविराम.
श्वास घ्या.
पहिल्या हॉर्नला नाही. तिसऱ्याला नाही.
ऐन ओळीच्या मध्यावर, जिथे कुणीही
दम रोखून पुढे जाईल, तिथे हा थांबलेला.
मला वाटलं, म्हाताऱ्याची खोड.
सगळे निवडले, डिलीट.
पान कसं धुतल्यासारखं झालं.

गुरुवारी वोय्मीर आला युफोनियम ठेवायला.
ऐंशीचा. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं.
'ब्लाझ कुठे गेला?'
कोण ब्लाझ?
'दुसरा हॉर्न. अकराव्या पातळीवर बावीस वर्षं काढली त्याने.
छातीत धूळ. दोन घरं पुरायची, तिसऱ्याला खोकला.
तू आता बस, असं मास्तरच्या तोंडून निघेना.
त्याने गाण्यालाच धाप लावली.'
मग युफोनियमची पेटी लावत, माझ्याकडे न बघता,
'आम्ही बाकीचे तिथे जरा जोरात फुंकायचो.
कागदावर नाही ते.'

कंट्रोल झेड आता कामाचं नव्हतं,
फाइल दोनदा बंद करून झाली होती.
हातानेच बसवले, एकेक. एकेचाळीस.

दुसरा हॉर्न आता झार्याकडे आहे. सतरा वर्षांची,
पोहण्याच्या शर्यतीत उतरते,
अख्खा तलाव पाण्याखालून ओलांडते म्हणे.
तिने विचारलं, हे चुकून राहिलंय का?
नाही, म्हटलं. पुढचं काही सुचलं नाही.
तिने खांदे उडवले
आणि पहिल्या स्वल्पविरामाशी, गरज नसताना, थांबली.

रात्री सगळं पहिल्यापासून लावलं.
ज्याला फुप्फुसं नाहीत ते यंत्र
दर दोन घरांनंतर अडत होतं,
सेकंदाचाही तुकडा,
आणि तेवढ्या फटीत हीटरची टिकटिक ऐकू येत होती.
अगदी उघडी पडत होती ती जागा.

मग मी पहिल्या आणि तिसऱ्या हॉर्नच्या खाली,
बरोबर तिथेच, एकेक 'एफ' लिहिला.
वहीत नाही तो.
तो माझा.